पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' पहिल्यांदा ऐकताय? मग असा ऐका

रॉक ऐकायला सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं की मी गेली कित्येक वर्षं हाच अल्बम सांगतो, आणि आठवडाभराने बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, अरे ते पहिलं गाणं सुरूच होत नाही, नुसतंच वाजत राहतं, मग मी पुढे ढकललं. मला दरवेळी वाईट वाटतं. ज्यानं ती पहिली आठ मिनिटं ढकलली त्याच्या हाती हा अल्बम लागतच नाही, उरतं ते फक्त कॉलेजच्या कट्ट्यावर गिटारवाले वाजवतात ते टायटलचं गाणं. म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, सेटिंग काय करायचं, कितीदा ऐकायचं, कुठे कान द्यायचा, आणि कुठली गोष्ट आधी वाचायची नाही तेही.

आधी अगदी जरुरीपुरती माहिती. पिंक फ्लॉइड हा इंग्लंडचा रॉक बँड, म्हणजे तेव्हा चौघं, बास गिटार वाजवणारा आणि शब्द लिहिणारा रॉजर वॉटर्स, गिटारवर डेव्हिड गिलमोर, कीबोर्डवर रिचर्ड राइट आणि ड्रमवर निक मेसन. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९७५ च्या जानेवारी ते जुलैमध्ये हा रेकॉर्ड झाला आणि सप्टेंबर १९७५ मध्ये बाहेर आला. फक्त पाच ट्रॅक, मिळून साधारण ४४ मिनिटं. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही नऊ भागांची एकच मोठी रचना आहे, तिचे पहिले पाच भाग सुरुवातीला आणि उरलेले चार शेवटी, आणि मध्ये तीन गाणी. हे असं दोन तुकड्यांत वाटायची कल्पना वॉटर्सची, गिलमोरला ती पटली नव्हती पण बाकीच्यांनी वॉटर्सची बाजू घेतली. माझ्या मते अल्बमचा सगळा जीव त्या एका निर्णयात आहे, का ते शेवटी येईलच.

आणि एक माणूस या चौघांत नाहीये. सिड बॅरेट. बँडचं नाव त्यानं ठेवलं, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची नावं जोडून. सुरुवातीची बहुतेक गाणी त्याची, चेहराही तोच. मग एलएसडी नावाची नशा आणि मनाचं आजारपण यात तो असा हरवत गेला की स्टेजवर नुसता उभा राहायचा, आणि १९६८ मध्ये बँड त्याच्याशिवाय पुढे गेला. हा अल्बम मुख्यतः त्याला उद्देशून आहे. नावाचा अर्थ धरायचा तर 'तू इथे असायला हवा होतास'. पहिल्यांदा ऐकायला बसताना इतकंच माहीत असू द्या, जास्त नको.

आता सेटिंग, आणि हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका. ॲपमध्ये शफल बंद. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यावर मिसळणं, असेल तर तोही बंद, कारण इथे एक ट्रॅक दुसऱ्यात कसा शिरतो तेच तर ऐकायचंय. गॅपलेस प्लेबॅक, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणं, ते चालू. इक्वलायझर, बास बूस्ट वगैरे जे काही आहे ते सगळं सपाट करा. गाणं सर्च करून लावू नका, पूर्ण अल्बम उघडून पहिल्या ट्रॅकपासून लावा, सर्चमध्ये बऱ्याचदा रेडिओसाठी कापलेलं किंवा लाइव्ह व्हर्जन आधी येतं. फोनच्या स्पीकरवर अजिबात नको, त्यावर खालचे स्वर येतच नाहीत. शिवाय या अल्बममध्ये एक जागा अशी आहे की मोठा भरलेला आवाज अचानक छोट्या रेडिओतून आल्यासारखा होतो, फोनवर दोन्ही आवाज सारखेच बारीक ऐकू येतात आणि सगळी करामत वाया जाते. कान झाकणारे वायरचे साधे हेडफोनसुद्धा पुरे आहेत, महागच हवेत असं काही नाही. किंवा घरात दोन स्पीकर असतील तर त्यांच्या मधोमध बसा.

वेळ रात्रीची बघा, घरातले झोपल्यावर, पंखाही एका नंबरनं कमी केला तर उत्तम. लोकलमध्ये, बसमध्ये, गाडी चालवताना पहिल्यांदा ऐकू नका. सुरुवात इतक्या हळू आवाजातून वर येते की बाहेरच्या गोंगाटात आपण आवाज वाढवत जातो आणि मग ड्रम आले की कान बधिर होतात. आवाज कसा ठरवायचा तर पहिल्या गाण्यात ड्रम चालू झाल्यानंतरचा तुकडा पाच सेकंद वाजवून बघा, तिथे जो आवाज बरा वाटतो तोच ठेवा आणि मग मागे जाऊन शून्यापासून लावा, मग कितीही हळू वाटलं तरी हात लावायचा नाही.

पहिलं ऐकणं

पहिल्या वेळी शब्द समोर ठेवू नका, काही शोधू नका, नुसते बसा. आपल्याकडे बैठकीची सवय असलेल्या माणसाला खरं तर हा अल्बम सोपा जायला हवा. कलाकार आला आणि थेट बंदिशीला हात घातला असं आपण कुठे मागतो, आधी तानपुरा लागतो, आवाज षड्जावर ठरतो, एकेक स्वर उलगडतो, आणि तबल्याला हात लागेपर्यंत बराच वेळ जातो. 'शाइन ऑन'ची सुरुवात त्याच धीरानं ऐका. आधी फक्त कीबोर्डचा एक लांबलचक जी मायनर कॉर्ड, म्हणजे एकदम धरलेले काही स्वर, वर येतो, तानपुऱ्यासारखा, हलतच नाही. त्यात मागे एक काचेरी गुणगुण ऐकू येईल, ते खरंच काचेचे ग्लास आहेत, कडेवरून ओलं बोट फिरवून वाजवलेले. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या आधीच्या अल्बमच्या प्रचंड यशानंतर या लोकांनी घरगुती वस्तूंवर, म्हणजे रबरबँड, ग्लास असल्या गोष्टींवर अख्खा अल्बम करायचा घाट घातला होता, तो बारगळला, त्यातले ग्लास इथे आले.

दोन मिनिटांच्या पुढे गिलमोरची गिटार येते. घाई नाही, एक स्वर लावून तो विझेपर्यंत थांबणं. सगळे म्हणतात गिलमोर कमी वाजवतो, मी म्हणेन तो दोन स्वरांच्या मधली जागा वाजवतो, ती जागा ऐका. आणि मग चौथ्या मिनिटाच्या आसपास मागचं सगळं ओसरतं आणि गिटारवर एकट्याचे चार स्वर वाजतात. परत तेच चार. परत तेच. मग ड्रम आणि बास धाडकन आत येतात. पहिल्यांदा ऐकताना इथे बहुतेकांच्या अंगावर काटा येतो आणि का आला ते सांगता येत नाही.

हार्मोनियम असेल तर

मला मात्र तो काटा का येतो ते समजून घ्यायचं होतं, म्हणून एकदा आईची पेटी काढून बसलो. तुमच्याकडे पेटी किंवा साधा कीबोर्ड असेल तर दुसऱ्यांदा ऐकण्याआधी हे जरूर करा, दहा मिनिटांचं काम आहे. पांढरी पाच हा सा धरा. आता ते चार स्वर असे आहेत: काळी पाच, पांढरी चार, पांढरी पाच, पांढरी तीन. म्हणजे आपल्या भाषेत कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शेवटी शुद्ध धैवत.

सगळं गुपित त्या शेवटच्या धैवतात आहे. या चार स्वरांच्या आधीच्या भागात कॉर्ड एकदा सी मायनरवर जातो, त्यात कोमल धैवत आहे, त्यामुळे कानाला नकळत उदास, खाली झुकलेल्या सुरांची सवय झालेली असते. मग हे चार स्वर येतात आणि शेवटचा धैवत शुद्ध लागतो. पांढरी पाच सा असताना कोमल धैवत म्हणजे काळी दोन, ती दाबून बघा. आधी तो चौथा स्वर मुद्दाम काळी दोनवर वाजवा, नुसतं रडकं वाटेल. मग पांढरी तीनवर वाजवा. दुःख तेच राहतं पण त्यात एक प्रश्न येतो, कुणाला तरी हाक मारली आणि उत्तर आलं नाही असं काहीतरी. थाट बघायला गेलात तर हे काफीच्या बाजूला झुकतं. गिलमोरनं अर्थातच काफी वगैरे डोक्यात ठेवून वाजवलं नाही, सराव करताना ही फ्रेज सापडली, वॉटर्सला ती लागली आणि त्यातून पुढची सगळी रचना उभी राहिली. या चार स्वरांना 'सिडची थीम' असंच म्हणतात.

एकदा पेटीवर हात फिरला की दुसऱ्यांदा ऐकताना ते चार स्वर खाली कसे वाजत राहतात तेही कळतं. मग राइटचा मिनीमूग हा सिंथेसायझर, परत गिटार, आणि साडेआठ मिनिटांनंतर कुठे वॉटर्सचा आवाज. तोवर आपण इतके तयार झालेलो असतो की पहिला शब्द आला की भेटल्यासारखं वाटतं. शेवटी डिक पॅरीचा सॅक्सोफोन, आधी जाड बॅरिटोन, मग वरच्या अंगाचा टेनर, त्याच वेळी लय बदलते आणि सगळं पळायला लागतं. पळता पळताच विरतं, आणि यंत्राची घरघर सुरू होते.

मधली दोन गाणी

'वेलकम टू द मशीन'साठी मी जास्त सूचना देत नाही, फक्त एवढं करा की एकदा तरी अंधारात ऐका. व्हीसीएस-थ्री नावाच्या सिंथेसायझरची ती धडधड आणि त्यावर साधी लाकडी गिटार, म्हणजे कारखान्यात शिरलेला एकटा पोरगा. म्युझिक इंडस्ट्री नव्या पोराला आत घेते आणि सांगते तुझं स्वप्नसुद्धा आम्हीच ठरवलंय, असा विषय आहे. गिलमोरला त्यातली एक ओळ पट्टीबाहेर जात होती म्हणून टेप किंचित हळू करून ती गाऊन घेतली. शेवटी यंत्र थांबतं आणि पार्टीतल्या लोकांचे आवाज येतात, ते नीट ऐका, माणसं हसतायत पण उब नाही.

'हॅव अ सिगार' हे त्याच इंडस्ट्रीतल्या साहेबाच्या तोंडचं गाणं, बँडच्या पाठीवर थाप मारणारा आणि तुमच्यातला पिंक कोण असं विचारणारा साहेब. हा आवाज वॉटर्सचाही नाही आणि गिलमोरचाही नाही. वॉटर्सचा गळा 'शाइन ऑन' गाऊन बसला होता, गिलमोरला ते शब्द गायचे नव्हते, आणि रॉय हार्पर हा त्यांचा मित्र ॲबी रोडमध्येच आपलं रेकॉर्डिंग करत होता, त्यानं गायलं. वॉटर्सला पुढे वाटलं की आपणच गायला हवं होतं. मला तसं वाटत नाही, बाहेरच्या माणसाचा आवाज आहे म्हणूनच तो साहेब खरा वाटतो.

रेडिओची जागा

आता ती जागा, जिच्यासाठी फोनचा स्पीकर नको म्हणालो. 'हॅव अ सिगार'च्या शेवटी गिटार जोरात चालू असते, आणि एका क्षणात सूंऽऽ करून सगळा आवाज एका छोट्या ट्रान्झिस्टरमध्ये खेचला जातो. मग कुणीतरी रेडिओचं बटण फिरवतंय. स्टेशनं बदलतात, बोलणं येतं, मध्येच ऑर्केस्ट्राचा तुकडा चमकून जातो, तो चायकॉव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीतला आहे. हे सगळं गिलमोरच्या गाडीतल्या रेडिओवरून रेकॉर्ड केलेलं. मग एका स्टेशनवर बारा तारांची गिटार लागते, आवाज बारीक, लांबचा. आणि काही सेकंदांनी खोलीत बसलेला एक माणूस आपली गिटार उचलून रेडिओबरोबर वाजवायला लागतो.

ही दुसरी गिटार यायच्या आधी डोळे मिटा आणि, आवाजाला हात लावायची ही एकच सूट, आवाज एवढा वाढवा की श्वास ऐकू येईल. तो खोकतो. नाक ओढतो. मग वाजवतो. किती बारीकशी गोष्ट आहे, पण त्या खोकल्यानं तो माणूस तुमच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसतो, आणि ज्याच्याबरोबर तो वाजवतोय तो मात्र रेडिओच्या पलीकडे, लांब कुठेतरी. एक इथे आहे आणि दुसरा नाहीये. अजून एकही शब्द गायला गेलेला नाही आणि गाण्याचा अर्थ सांगून झालाय. हे गाणं कट्ट्यावर हजार वेळा ऐकलेल्या लोकांनी ही दोन गिटारींची गोष्ट कधीच ऐकलेली नसते, कारण ते एकाच गिटारीवर वाजवलेलं ऐकतात.

शब्द वाचायचे असतील तर ते तिसऱ्या ऐकण्याला. टायटलच्या गाण्यापुरते वाचले तरी चालेल, बाकीचे ऐकून ऐकून येतात. आणि गाण्याच्या शेवटी वारा सुटतो तेव्हा वाऱ्याच्या मागे एक व्हायोलिन शोधा. अगदी पुसट आहे, हेडफोनशिवाय नाहीच सापडत. ते स्तेफान ग्रापेली या मोठ्या जॅझ व्हायोलिनवादकाचं आहे, तो तेव्हा येहुदी मेन्युहिन या दुसऱ्या व्हायोलिनवादकाबरोबर त्याच इमारतीत रेकॉर्डिंग करत होता. अल्बमवर त्याचं नावही छापलं नव्हतं. २०११ मध्ये आलेल्या जादा रेकॉर्डिंगवाल्या आवृत्तीत हे गाणं त्याच्या पूर्ण व्हायोलिनसकट आहे, पण ते नंतर ऐका, आधी वाऱ्यातला तो पुसट धागा आपला आपण सापडू द्या.

आता ती गोष्ट

तीनदा ऐकून झालं असेल तरच पुढचा परिच्छेद वाचा, मनापासून सांगतोय.

५ जून १९७५ ला ॲबी रोडमध्ये 'शाइन ऑन'च्या मिक्सिंगचं काम चालू होतं. एक जाडसर माणूस आत येऊन उभा राहिला, डोकं पूर्ण भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीचा असेल. बराच वेळ गेल्यावर कळलं की हा सिड आहे. सात वर्षांपूर्वी ज्याच्याशिवाय ते पुढे गेले तोच, त्याच्यावरचं गाणं वाजत असताना, न बोलावता आलेला, आणि लहानपणापासूनच्या मित्रांनीही त्याला ओळखलं नव्हतं. वॉटर्स रडला. सिड पुढे केंब्रिजला घरी राहिला, चित्रं काढली, बाग केली, २००६ मध्ये गेला.

हे वाचून झाल्यावर लगेच लावू नका. एक दिवस जाऊ द्या, आणि त्या दिवशी फक्त एकच गाणं ऐका, 'सी एमिली प्ले', १९६७ चं, सिडनं लिहिलेलं, तीन मिनिटांचंही नाही. उड्या मारणारं, रंगीत, पोरकट वाटेल असं. त्याची चाल डोक्यात बसेपर्यंत चार-पाचदा ऐका. का ते आत्ता सांगत नाही, चौथ्या ऐकण्याला लागणार आहे.

कव्हरही याच दिवशी बघा. दोन सुटाबुटातली माणसं हात मिळवतायत आणि त्यातला एक जळतोय. हिप्नोसिस या डिझाइन करणाऱ्या मंडळींचं काम, फोटो कॅलिफोर्नियात फिल्म स्टुडिओच्या आवारात काढलेला, आणि स्टंटमन रॉनी रॉन्डेल खरोखर पेटलेला आहे, त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. आतल्या फोटोत पाण्यात सूर मारलेला माणूस आहे, नुसते पाय वर, पण पाण्यावर एक तरंग नाही. वाळवंटातल्या सेल्समनला चेहराच नाही. आणि हे सगळं दुकानात काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकलं, म्हणजे कव्हरसुद्धा लपवलेलं. एलपी मिळाली कुणाकडे तर हातात घेऊन बघा, मोबाइलवरच्या चौकोनात काही कळत नाही.

चौथं ऐकणं, आणि शेवटचं अर्धं मिनिट

आता परत पहिल्यापासून. पण या वेळी लक्ष वाऱ्यानंतर येणाऱ्या 'शाइन ऑन'च्या सहा ते नऊ या भागांवर. वाऱ्यातून बास उगवतो, गिलमोर मांडीवर आडवी ठेवून वाजवायची लॅप स्टील गिटार घेतो आणि ती अक्षरशः किंचाळते. मग सुरुवातीचीच चाल, तोच आवाज. मधली तीन गाणी ऐकून आलेलो असल्यामुळे तेच शब्द आता वेगळे लागतात, मध्ये यंत्र आलं, साहेब आला, रेडिओवरचा लांबचा मित्र आला. अल्बम दोन तुकड्यांत वाटला नसता तर हे झालं नसतं. आठवा भाग थोडा थिरकता आहे, मला तो थोडा लांबल्यासारखा वाटतो, पण राहू द्या.

नववा भाग राइटचा, संथ, प्रेतयात्रेच्या चालीचा. इथून उठू नका. मी हे इतक्या पोटतिडकीनं सांगतोय त्याला कारण आहे. हॉस्टेलला असताना रूममेटनं मला हा अल्बम नव्वदच्या कॅसेटवर भरून दिला होता, एका बाजूला ४५ मिनिटं, अल्बम ४४ ला थोडा वर, बसायला हवा होता, पण सुरुवातीला थोडी टेप कोरी राहिली आणि शेवट कापला गेला. राइटचा कीबोर्ड चालू असतानाच खट् करून बटण वर यायचं. चार-पाच वर्षं मी तेच ऐकत होतो आणि मला वाटायचं अल्बम असाच संपतो, उदास आणि अर्धवट. मग नोकरी लागल्यावर सीडी घेतली, रात्री लावली, खट्ची सवय झालेला हात उचलला गेला आणि संगीत थांबलंच नाही.

त्या शेवटच्या वीस-पंचवीस सेकंदांत दोन गोष्टी होतात. विरत जाणाऱ्या आवाजात राइट मिनीमूगवर एक छोटीशी चाल वाजवतो, इतकी हळू की माहीत नसेल तर निसटून जाते, ती 'सी एमिली प्ले'ची चाल आहे. आणि 'शाइन ऑन' ज्या जी मायनरवर उभं होतं तो शेवटच्या कॉर्डला जी मेजर होतो. पेटीवर बघायचं तर पांढरी पाचच्या सा वरून काळी पाच होती ती पांढरी सात होते, कोमल गंधाराचा शुद्ध गंधार. एवढंच. पण ४४ मिनिटं वाट बघितलेल्या कानाला तो एक स्वर कुणीतरी खिडकी उघडल्यासारखा लागतो.

म्हणून एक शेवटचं सेटिंग राहिलं. ॲपमधलं ऑटोप्ले बंद करा, नाहीतर तो गंधार विरायच्या आत कुठलं तरी भलतंच गाणं सुरू होतं. हेडफोन कानावरून काढायचीही घाई करू नका.